ब्रेकेज रजिस्टर आणि फळमाशा : म्हातारपण मोजायला निघालो त्याच्या नोंदी

मी नागपुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. वार्धक्याच्या सिद्धान्तांवर दरवर्षी टीप विचारली जाते, पोरं सहा नावं पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. यंदा शेवटच्या वर्षाची चौघं प्रकल्प मागायला आली तेव्हा म्हटलं, म्हातारं होणं एकदा डोळ्यांनीच पाहू. माणसाला त्यासाठी फार वेळ लागतो, फळमाशीला दोन महिने पुरतात. ऑक्टोबर २०२४ ते एप्रिल २०२५ या काळातल्या वहीतल्या या नोंदी, भाषा जरा नीट करून. कोणाला हेच करायचं असेल तर आमच्या चुका तरी पुन्हा करू नका.

६ ऑक्टोबर

स्टॉक सेंटरकडून (प्रयोगांसाठी माशा पाळून पुरवणारी संस्था) माशा मागवायच्या तर पत्र, मंजुरी, कुरिअर यात महिना जाणार. म्हणून स्थानिक माशा धरायचं ठरलं. कळमन्याच्या फळबाजारात सडक्या केळ्या-मोसंब्यांच्या ढिगाशेजारी चार बाटल्या ठेवल्या, दोन माझ्या घरी. आमिष पिकलेलं केळं आणि वर चिमूटभर यीस्ट. लॅब अटेंडंट भाऊ बाटल्या पाहून म्हणाले, "मॅडम, माश्या पकडाले प्रोजेक्ट? माझ्या घरी या, टोपलंभर देतो."

९ ऑक्टोबर

माशा भरपूर, पण सरमिसळ. पोरांनी सगळ्या एकाच बाटलीत ओतल्या ही पहिली चूक. भिंगाखाली पाहिलं तर निम्म्या जणींच्या डोक्यापासून पाठीपर्यंत पांढरे पट्टे. म्हणजे झाप्रिओनस इंडियानस, आपल्याला हवी ती ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टर नाहीच. उरलेल्यांतही किमान दोन जाती. नर ओळखता येतो : ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टरच्या नराच्या पोटाचं टोक काळं, पुढच्या पायावर बारीक काळा कंगवा. माद्या मात्र जातीजातींत सारख्याच दिसतात.

उपाय जुनाच आहे. एका ट्यूबमध्ये एकच मादी सोडायची, तिची पिल्लं वाढवायची, मुलगे पाहून आईची जात ठरवायची. २२ ट्यूब लावल्या. दोन आठवडे गेले.

१५ ऑक्टोबर

मीडिया, म्हणजे ट्यूबमधलं माशांचं खाद्य. आमची कृती : पाणी १ लिटर, गूळ १०० ग्रॅम, रवा १०० ग्रॅम, घट्ट व्हायला अगार १० ग्रॅम, उकळून थोडं निवलं की बुरशी येऊ नये म्हणून प्रोपिऑनिक ॲसिड साडेसात मिली. ओतल्यावर वरून कोरड्या यीस्टचे दाणे.

लॅबमधला अगार संपलेला. इतवारीतून किराणावाल्याकडचं चायना ग्रास आणलं. ते अगारच, पण दहा ग्रॅममध्ये नीट जमलं नाही, ट्यूब आडवी केली की शिरा घसरतो. सोळा ग्रॅमवर जमलं. दुसरी चूक माझी : प्रोपिऑनिक उकळत्या भांड्यात ओतलं. वाफ डोळ्यांत गेली, पाच जणं खोकत बाहेर. ॲसिड बहुतेक उडूनच गेलं असावं, कारण चौथ्या दिवशी साठातल्या चाळीस ट्यूबवर हिरवट बुरशी. भांड्याला हात लावता येतो इतकं निवल्यावर घाला आणि खिडकी उघडी ठेवा.

२९ ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी, कॉलेजला कुलूप. माशांना सुट्टी नाही, तीन दिवसांनी ट्यूब बदलाव्याच लागतात. ९० ट्यूब थर्माकोलच्या डब्यात घालून घरी आणल्या. धनत्रयोदशीच्या दिवशी घरात माशा आणते ही बाई, यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत. चकलीच्या पिठावर मात्र दुहेरी झाकण ठेवलं.

२२ पैकी ९ ट्यूबमधून हवी ती जात निघाली. एवढ्यावर चालेल.

१८ नोव्हेंबर

पहिली तुकडी. एका दिवसाच्या १०० माद्या, दहा ट्यूबमध्ये दहा-दहा. ट्यूब म्हणजे आपल्या बॉइलिंग ट्यूब, तोंडाला कापसाचा बोळा. बीओडी इन्क्युबेटर (तापमान स्थिर ठेवणारी पेटी) २५ अंशांवर. रोज मोजायचं, किती जिवंत, किती मेल्या. काम सोपं वाटत होतं.

३० नोव्हेंबर

बारा दिवसांत ४३ गेल्या.

एक विद्यार्थी खूश. सर, म्हणजे मॅडम (त्याला मी अजून सरच वाटते), आलेख छान सरळ रेषेत उतरतोय म्हणाला. सरळ उतरतोय हीच तर अडचण. म्हातारपणाचा आलेख असा नसतो. आधी बराच काळ सपाट पठार आणि मग कडा. लंडनमधल्या विम्याच्या हिशेबनिसाने, बेंजामिन गॉम्पर्ट्झने, १८२५ मध्येच हे मांडलं होतं : प्रौढ माणसाचा मरण्याचा धोका वयाबरोबर पटीत वाढत जातो. साधारण आठेक वर्षांत दुप्पट. आमच्या माशांचा धोका दुसऱ्या दिवशी जेवढा, अकराव्या दिवशीही तेवढाच.

मेलेल्या माशा पुन्हा काढून भिंगाखाली पाहिल्या. १९ जणी मीडियात चिकटलेल्या, पंख शिऱ्यात रुतलेले. ट्यूबच्या भिंतीवर पाणी धरलं होतं. नऊ जणींचे पंख पाठीवर ताठ उभे, काटकोनात. हे ईथर जास्त झाल्याचं लक्षण, मोजण्यासाठी बेशुद्ध करताना आपणच मारल्या. चार बोळ्याखाली चिरडलेल्या. सहा मोजणीतच नाहीत, म्हणजे उडाल्या. पाचच अशा, ज्यांना काही झालेलं दिसत नव्हतं.

भाऊ मागे उभे राहून पाहत होते. म्हणाले, "ह्या बुढ्या होऊन नाही मेल्या मॅडम. ह्या फुटल्या."

आणि कपाटातून ब्रेकेज रजिस्टर, म्हणजे फुटलेल्या काचसामानाची नोंदवही, घेऊन आले. भाऊ काचसामानाच्या प्रत्येक लॉटला नेलपॉलिशचा ठिपका लावतात, २०१६ चा लॉट लाल. त्या वर्षी एक ग्रोस, १४४ बॉइलिंग ट्यूब आल्या. पुढे दरवर्षी जूनमधली शिल्लक : ११७, ९१, ७५, ६१, ६१, ४८, ३९, ३१. दोनदा ६१ आहे ते वर्ष करोनाचं, कॉलेज बंद, फोडणार कोण? बाकी वर्षी साधारण पाचातली एक जाते. नवी काय, जुनी काय, ज्याच्या हातातून पडली ती गेली. आठ वर्षांची ट्यूब पहिल्या वर्षीच्या ट्यूबपेक्षा जास्त फुटत नाही. ट्यूब म्हातारी होत नाही, तरी जुन्या ट्यूब थोड्याच उरतात.

मला बसायलाच लागलं. जीवशास्त्रज्ञ पीटर मेदावार यांनी १९५२ मध्ये छापलेल्या व्याख्यानात नेमकं हेच उदाहरण घेतलं होतं, प्रयोगशाळेतल्या फुटणाऱ्या टेस्ट ट्यूबचं. वर्षानुवर्षं मी ते पोरांना सांगते आणि रजिस्टर माझ्यापासून दहा फुटांवर पडलेलं होतं.

मग तिथेच फळ्यावर केलं. समजा ट्यूबना पोरं होतात, दरवर्षी प्रत्येकीला सारखीच. आता एखाद्या ट्यूबमध्ये असा दोष आहे की ती दुसऱ्या वर्षी तडकते. पोरं देऊ शकणाऱ्या ११७ जणींचं नुकसान, निसर्ग तो दोष लगेच चाळून टाकेल. तोच दोष आठव्या वर्षी उमटणारा असेल तर? तिथवर पोचतातच ३९, आणि त्यांची बहुतेक पोरं आधीच होऊन गेलेली. चाळणीला तो दिसतच नाही. असे उशिरा उमटणारे दोष पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात. रानात माशी कोळ्याच्या, पालीच्या, थंडीच्या तावडीतून सुटून म्हातारी होतेच कुठे? आमच्या पहिल्या तुकडीत आम्हीच पाल होतो.

तुकडी रद्द. बारा दिवस आणि सुमारे ७०० रुपयांचा मीडिया वाया.

५ डिसेंबर

बदल केले ते असे. ट्यूब ओतल्यावर मलमलीखाली रात्रभर उघड्या सुकवायच्या, मग बोळा. मीडियात फिल्टर पेपरची पट्टी खोचायची, माशीला बसायला कोरडी जागा. ईथर बंद. मोजणी बाहेरूनच, आणि ट्यूब बदलताना टिचकी मारून नव्या ट्यूबमध्ये उलट्या करायच्या. फार लागलंच तर बर्फावर ठेवलेल्या काचेच्या बशीत. उडालेल्या माशीचा रकाना वेगळा, तिला मेली म्हणायचं नाही, ज्या दिवशी गेली तोवरच हिशेबात धरायची. भाऊंनी रकान्याचं नाव ठेवलं "फरार".

दुसरी तुकडी, १८० माद्या. ६० नरांसोबत दोन दिवस ठेवून वेगळ्या काढलेल्या, बीओडीत. ६० कुमारिका, बीओडीत. आणि ६० नर दाखवलेल्या, पण बाहेर टेबलावर, नागपूरच्या थंडीत.

१३ डिसेंबर

कुमारिकांच्या सहा ट्यूबपैकी दोनमध्ये अळ्या. कुमारिका अंडी घालते, पण ती फुटत नाहीत. अळी दिसली म्हणजे पोरांनी गोळा करताना उशीर केला. कोशातून निघाल्यावर २५ अंशांत आठेक तासांच्या आत नर-मादी वेगळे करावे लागतात. सकाळी सातची पाळी ज्याच्याकडे होती तो नऊला येत होता. कडाक्याच्या थंडीत मीही आले नसते, पण वहीत सात लिहायला नको होतं. त्या वीस माद्या बाद, उरल्या ४०.

१८ डिसेंबर

हिवाळी अधिवेशन सुरू. विधानभवनाच्या बाजूचे रस्ते बंद, मोर्चे, सीताबर्डीला गाडी हलेना. दीड तासाने पोचले. ट्यूब बदलणं एक दिवस चुकलं, तीन माद्या चिकटून गेल्या. लिहून ठेवते.

पोरांना बातमी होईल असा गट हवा होता : संत्र्याने म्हातारपण लांबतं का? डेनहॅम हार्मन यांचा १९५६ चा मुक्त मूलकांचा सिद्धान्त त्यांनी वाचलेला. श्वसनात तयार होणारे चळवळे रेणू पेशी पोखरतात, मग क जीवनसत्त्वाने त्यांना आवरता येईल. पाण्याऐवजी संत्र्याचा रस घालून मीडिया उकळला. जमलाच नाही. आंबट द्रावात उकळलं की अगार तुटतो, थंड झाल्यावरही पातळच. वर उकळल्याने क जीवनसत्त्वही गेलं असणार. पाच किलो संत्री, साडेतीनशे रुपये. उरलेला रस आम्ही प्यायलो.

सिद्धान्ताचीही पुढे अशीच गत झाली. मूलकांमुळे नुकसान होतं हे खरं, पण ती पेशीला निरोप पोचवायलाही लागतात, आणि गोळ्या देऊन आयुष्य वाढत नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, १९९४ मध्ये निकाल आला. बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी जास्तच निघाला. गट बंद.

३ जानेवारी

बीओडीच्या पाटीवर २५. सहज आत काचेचा थर्मामीटर ठेवला, साडेअठ्ठावीस. कधीपासून? ठाऊक नाही. मी आकड्यावर विश्वास ठेवला, १४० रुपयांचा थर्मामीटर पहिल्या दिवशी ठेवला नाही. मेकॅनिकने सेन्सर बदलला, बाराशे रुपये. आता टेबल आणि बीओडी यांच्यातला फरक "थंड विरुद्ध गरम" इतकाच सांगता येईल, अंश सांगता येणार नाहीत. कुमारिका आणि दुसऱ्या एकाच पेटीत होत्या, त्यांची तुलना टिकते.

१४ जानेवारी

तिळगूळ आणून एक जण म्हणाला, टेबलवरच्या माशा मरतच नाहीत. खरंच. रात्री लॅब १४-१५ अंशांवर जाते, माशा कोपऱ्यात बसून. ६० पैकी ५५ जिवंत, बीओडीतल्या ६० पैकी ३४. थंडीत माशी जास्त जगते हे लोब आणि नॉर्थ्रॉप यांनी १९१७ मध्ये दाखवलं, त्यावरून रेमंड पर्ल यांनी १९२८ मध्ये "जगण्याचा वेग" मांडला : जोरात जगाल तर लवकर संपाल. माझ्या वडिलांना हे फार पटलं. "म्हणूनच सांगतो, धावपळ कमी कर."

माशीपुरतं ठीक, पण सगळ्या प्राण्यांना लावलं की फसतं. सात ग्रॅमचं ब्रँट वटवाघूळ रानात ४१ वर्षांनी पुन्हा सापडलेलं आहे, उंदीर दोन-तीन वर्षांत आटोपतो. उडण्याइतकी धावपळ कोणाची? मेदावारांच्या हिशेबात मात्र वटवाघूळ बसतं. उडणाऱ्याला सहज कोणी पकडत नाही, म्हणजे जुन्या ट्यूब जास्त उरतात, चाळणीला दिसतात.

२० जानेवारी

म्हाताऱ्या आयांची ओळ. ही कल्पना मायकेल रोझ यांची (त्याच सुमारास लकिनबिल आणि सहकाऱ्यांनीही केलं, दोन्ही निबंध १९८४ चे). फक्त उशिरा घातलेली अंडी पुढे वाढवायची, पिढ्यान्‌पिढ्या. जी तोवर टिकली नाही तिची पोरं नाहीत. म्हणजे चाळणी मुद्दाम म्हातारपणाकडे सरकवायची. त्यांच्या माशा खरोखर जास्त जगू लागल्या. वर, त्या तरुणपणी अंडी कमी घालत होत्या. जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ मध्ये म्हटलं होतं तसंच, तरुणपणी कामाला येणारं जनुकच पुढे महागात पडतं.

राखीव ट्यूबमधल्या चाळीस दिवसांच्या माद्यांची अंडी घेतली. एकही फुटलं नाही. दोन दिवस आम्ही मीडियाला दोष देत होतो. मग लक्षात आलं, मादी शुक्राणू साठवते पण ते दोनेक आठवडेच पुरतात. म्हाताऱ्या माद्यांजवळ तरुण नर सोडले, चौथ्या दिवशी अळ्या.

८ फेब्रुवारी

ट्यूब टेबलावर आपटायची आणि दहा सेकंदांत किती जणी अर्ध्यावर चढतात ते पाहायचं. तरुण माशा आपटताच भिंतीने सरळ वर. बीओडीतली ६५ दिवसांची एक : उताणी पडली, पाय हवेत, कुशीवर वळली, दोन बोटं चढली, घसरली, पुन्हा चढली, थांबली. पंखांच्या कडा फाटलेल्या, जुन्या पतंगासारख्या. पोरगी म्हणाली, "झिजली बिचारी." पंख झिजतो हे बरोबर, तो मेलेलाच असतो, भरून येत नाही. पण शरीर म्हणजे नुसता पंख नाही, ते स्वतःची डागडुजी करतं. ती डागडुजी कमी का पडते, हा खरा प्रश्न.

टेलोमिअरचं, म्हणजे पेशी विभागताना झिजत जाणाऱ्या गुणसूत्रांच्या टोकांचं, कोणीतरी विचारलंच. हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं की माणसाच्या पेशी काचपात्रात पन्नासेक वेळा विभागून थांबतात. पण प्रौढ माशीच्या बहुतेक पेशी विभागतच नाहीत, तरी ती म्हातारी होते. मोबाइलवरच्या जाहिरातींना हे सांगायला हवं.

२ मार्च

बीओडीचा हिशेब बंद. नर दाखवलेल्या माद्यांतली अर्धी संख्या ४२ व्या दिवशी गेली, कुमारिकांची ५४ व्या दिवशी. यंदा पहिल्यांदा आलेखाला पठार आणि कडा दोन्ही आले, मी त्याचा फोटो काढून वडिलांना पाठवला. अंडी घालण्याची किंमत शरीर भरतं. टॉम किर्कवुड यांनी १९७७ मध्ये याचा जमाखर्च मांडला : मिळकत तेवढीच, पोरांवर खर्चली तर घराची डागडुजी राहते. आमच्या ४० कुमारिकांवर एवढं मोठं वाक्य टांगू नये. फरक दिसला, एवढंच.

१६ मार्च

टेबलावरच्या तुकडीत तीनच उरल्या होत्या, सगळ्या एका ट्यूबमध्ये, वय १०१ दिवस. लॅब तापायला लागली होती, म्हणून ट्यूब खालच्या कपाटात ठेवायला नेताना हातातून निसटली. माझ्याच हातातून. एक माशी काचेखाली, दोन खिडकीतून बाहेर. भाऊंनी तुकडे गोळा केले, एकावर लाल ठिपका. रजिस्टरमध्ये लाल लॉट ३१ चे ३० झाले. माशांच्या वहीत : मेली १ (अपघात), फरार २.

२२ एप्रिल

शनिवार-रविवार लाइन गेली होती, बीओडी बंद, बाहेर ४४. सोमवारी उघडलं तेव्हा आत ३६. म्हाताऱ्या आयांच्या ओळीची दुसरी पिढी आत होती. बऱ्याच मेल्या, उरलेल्या अंडी घालताहेत पण अळी नाही. तिशीच्या वर नर वांझ होतो. थंड जागी ठेवून काही दिवसांनी सावरतील का, बघते, पण आशा कमी. तसंही चाळीस दिवसांची एक पिढी धरली तर दहा पिढ्यांना वर्षाच्या वर जातं. रोझ यांनी पुढे दहा आठवड्यांची पिढी ठेवली होती, म्हणजे दहा पिढ्यांना दोन वर्षं. एका बॅचचं काम नाहीच हे. ओळ करायची तर आधी इन्व्हर्टर घ्या, माशा नंतर.

खर्च : गूळ-रवा-यीस्ट ९८०, चायना ग्रास आणि नंतर आणलेला अगार २,१५०, प्रोपिऑनिक ६२०, कापूस ४४०, सेन्सर १,२००, थर्मामीटर १४०, संत्री ३५०, बर्फ आणि किरकोळ ३००. एकूण ६,१८०. कॉलेजने दिले ३,०००.

पाऊस पडला की कळमन्याला पुन्हा बाटल्या. या वेळी प्रत्येक बाटली वेगळी.